गुंडीच्या छातीचा घेर

पस्तीस सेंटिमीटर. एवढ्याशा आकड्यापायी ऑटोकार ब्रुनथालर या सभ्य, निवृत्त आणि नाकासमोर चालणाऱ्या गृहस्थानं सहा आठवड्यांत बायको दुखावली, शेजारीण दुखावली, तळ्यातल्या बदकांचं एक अख्खं कुटुंब दुखावलं, आणि सरतेशेवटी भर सभेत मान खाली घालून उभं राहायची वेळ स्वतःवर आणली. पण घाई नको. फजिती घाईघाईनं सांगितली की तिची बातमी होते, आणि बातमीत माणसाची लाज मावत नाही.

तर गुंडी. कागदोपत्री कुनिगुंड. जात डाकेल, जिला बाकीचं जग डाक्सहुंड म्हणतं. रंग भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीचा. कान दोरीवर वाळत घातलेल्या दोन मऊ रुमालांसारखे. पुढचे पाय किंचित फेंगडे, माती उकरून मागं टाकायला घडवलेले. पाठ लांबच लांब. घडवणाऱ्यानं मोठं कुत्रं करायला घेतलं असावं आणि पायांपर्यंत येता येता त्याची माती संपली असावी. आणि डोळे असे, की तिच्यासमोर जेवणाऱ्याला आपण मोठा अपराध करतोय असं वाटावं.

स्वभावाचं म्हणाल, तर हाक मारली की ती येत नाही. हाक ऐकते, तिच्यावर विचार करते आणि मग ठरवते. यात तिचा दोष नाही. शेकडो वर्षं तिच्या पूर्वजांनी जमिनीखालच्या काळोखात, मालकाच्या नजरेआड, दात विचकणाऱ्या बिज्जूसमोर एकट्यानं निर्णय घेतलेले. अशा घराण्यातलीला उजेडात उभं करून ‘बस’ म्हणणं हे जरा अपमानाचंच.

आणि बिळात शिरायचं ते छातीनं. म्हणून डाकेल ना उंचीवर मोजतात, ना वजनावर. मोजतात छातीच्या घेरावर. कुत्रं पंधरा महिन्यांचं झालं की गावच्या डाकेल-मंडळाच्या प्रदर्शनात एकदाच पट्टी लागते. पस्तीसपर्यंत घेर भरला तर ‘बुटका’ वर्ग, वर गेला तर ‘थोरला’. तो आकडा वंशावळीच्या कागदावर शाईनं चढतो आणि जन्मभर राहतो. थोरलं असण्यात काही कमीपणा आहे का? तसूभर नाही. पण ऑटोकार खानावळीतल्या गुरुवारच्या बिअरच्या टेबलावर आठ माणसांदेखत म्हणून बसला होता, “गुंडी बुटक्या वर्गातली. पट्टी कशाला लावायची? नजरेनं सांगतो. चौतीस.”

अडतीस वर्षं भूमापन कार्यालयात काढलेला माणूस. त्याच्या नजरेवर ओबरनेसल गावच्या कुंपणाचे खांब उभे होते. आठही जणांनी माना डोलावल्या.

नवव्यानं डोलावली नाही. तो होता क्विरिन श्टाडलबर्गर, निवृत्त शिंपी, ऑटोकारचा तीस वर्षांचा मित्र. आणि तो त्या टेबलावर नव्हताच. शेगडीशेजारच्या टेबलावर एकटा पाठ करून बसला होता. गेल्या प्रदर्शनापासून तो तिथंच बसत असे.

त्याचं असं झालं होतं. मंडळाचा मोजणीदार ऑटोकार. गेल्या वर्षी क्विरिननं आपला डाकेल, फेर्डल, मोजायला आणला. क्विरिनची बायको नोटबुर्गा वारली त्याच्या दोन महिने आधी तिनं हे पिल्लू निवडलं होतं. “माझा बुटका, माझा बुटका” म्हणत तिनं त्याला उशाशी घेतलं होतं. पट्टी साडेपस्तीसवर थांबली. क्विरिन हळूच म्हणाला, “ऑटो, त्यानं श्वास घेतलाय बघ. जरा थांब की.” ऑटोकार थांबला. कुत्र्यानं श्वास सोडला. पट्टी साडेपस्तीसच. “नियम म्हणजे नियम, क्विरिन,” ऑटोकार म्हणाला, आणि तेवढ्यावर न थांबता त्यानं खणखणीत आवाजात पुकारलं, “थोरला!” सभागृहात कोणीतरी हसलं. थोरल्यांत फेर्डल म्हणजे मोठ्यांच्या पंगतीत बसवलेलं पोर.

त्या दिवसापासून क्विरिन त्याला ‘तुम्ही’ म्हणू लागला, वर ‘हेर’, म्हणजे ‘श्रीयुत’, लावू लागला. “तुम्ही कसे आहात, हेर ब्रुनथालर?” तीस वर्षं ‘अरे ऑटो’ म्हणणाऱ्याच्या तोंडून हे ऐकणं म्हणजे पाय अडखळावा अशी गोष्ट. ऑटोकार अडखळे, आणि मग स्वतःला बजावी, की आपलं काही चुकलेलं नाही.

प्रदर्शनाला सहा आठवडे उरले असताना, एका पावसाळी दुपारी, निव्वळ गंमत म्हणून त्यानं बायकोच्या शिवणाच्या डब्यातली पट्टी गुंडीच्या छातीभोवती गुंडाळली.

साडेसदतीस.

“रोझविठा, ही पट्टी आखडलीय.”

“माझी पट्टी आखडलीय आणि कुत्री ताणलीय, असंच ना?” स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

त्यानं तळघरातून कार्यालयाची जुनी पोलादी फीत आणली. गार पोलाद छातीला लागताच गुंडीनं अंग फुगवलं आणि अडतीस भरली. मग त्यानं तीन वेगवेगळ्या वेळी तीन मोजण्या घेतल्या, सरासरी काढली आणि ती चौकटीच्या वहीत लिहिली. सदतीस पूर्णांक चार. सरासरीला कुत्र्याची माया नसते.

“मग नको नेऊस यंदा,” रोझविठा म्हणाली.

“मोजणीदारच आपलं कुत्रं घरी ठेवून आला तर लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, शहाणा झाला.”

दुसऱ्या दिवशी तो तिला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. बाईंनी गुंडीला टेबलावर ठेवलं, बरगड्या चाचपल्या, पोटाखाली हात घातला आणि ऑटोकारकडं असं पाहिलं, की त्यानं आपलंच पोट आत ओढलं.

“साहेब, हाडं उपासानं बारीक होत नाहीत. चरबी उतरली तर सेंटिमीटरभर कमी होईल, त्यापुढं नाही. पण उतरवाच. वर्गासाठी नव्हे, पाठीसाठी. एवढी लांब पाठ, मणका सरकला तर मागचे पाय जातील. जिने बंद. उड्या बंद. उचलायची ती दोन हातांनी, एक छातीखाली, एक ढुंगणाखाली. बाळासारखी.”

म्हणून मग ओबरनेसलनं रोज चार वेळा एक देखणं दृश्य पाहिलं: माजी भूमापन अधिकारी, डोक्यावर पिसाची टोपी, आणि दोन्ही हातांवर आडवी पसरलेली, राजकन्येसारखी इकडंतिकडं बघणारी गुंडी, दुसऱ्या मजल्यावरून खाली येताहेत.

“अगंबाई! पाय गेले की काय तिचे?” पहिल्या मजल्यावरची झेंटाबाई दारातच उभी असे. ती दारात उभी नसे असा प्रसंग गावात कोणाला आठवत नाही.

“पाय नाहीत गेले. घेर वाढलाय,” ऑटोकार म्हणाला, आणि शब्द तोंडातून निघताच त्याला कळलं, की आता हे अख्ख्या गावाला सांगायचे कष्ट वाचले.

संध्याकाळपर्यंत सल्ले यायला लागले. झेंटाबाई म्हणाली, गाजरं उकडून घाला. गुंडीनं गाजरं तोंडात धरून एकेक करून ऑटोकारच्या बुटात नेऊन ठेवली. खाटीक म्हणाला, साहेब, चरबीचं नका घेऊ, निव्वळ काळीज घ्या, आणि त्यानं अर्धा किलो बांधून दिलं. औषधवाला म्हणाला, कोबीचं पाणी. कोबीच्या पाण्याचा परिणाम रविवारी प्रवचन चालू असताना, शेवटच्या बाकाखाली झाला. पाद्रीबाबा क्षणभर थांबले. अख्ख्या बाकानं ऑटोकारकडं पाहिलं, कारण कुत्री बाकाखाली होती आणि दिसत नव्हती. त्यानं गुंडीला वर उचलून लोकांना दाखवली. त्यामुळं काही फायदा झाला असं नाही. लोकांना वाटलं, बिचाऱ्या मुक्या जिवावर ढकलतोय.

मग चालणं. रोज पाच किलोमीटर, हा वहीतला आकडा. पण गुंडी पहिल्याच वळणावर बसली. ओढली तर घसरत आली, बसलेलीच. ऑटोकार तिच्याशी हलक्या आवाजात बोलू लागला, मग जरा मोठ्या. येणारेजाणारे थांबले. “तिला विचारून तरी बघा कुठं जायचंय ते,” एक आजीबाई म्हणाली.

वैतागून त्यानं दोरी सैल सोडली, तशी गुंडी उठली आणि तुरुतुरु चालू लागली. खाटकाच्या मागच्या दारी थांबली. दार उघडलं, सॉसेजचं टोक आलं. पाववाल्याच्या पायरीशी थांबली. बिस्किटाचा चुरा आला. खानावळीच्या मालकिणीनं तर विचारलंसुद्धा नाही, वाटीच पुढं केली. “आज उशीर झाला गं सोने!” एकूण सात घरं. सात घरचा माधुकरीचा रतीब, आणि मालकाला वर्षभर पत्ता नाही.

त्या दुपारी ऑटोकारनं टंकयंत्र काढलं. ‘परिपत्रक. विषय: कुनिगुंड या कुत्रीस अन्न न देण्याबाबत.’ जावक क्रमांक एक, सात प्रती, एक स्थळप्रत. खाली सही, हुद्दा आणि कंसात ‘निवृत्त’. खाटकानं ते काउंटरमागं चिकटवलं आणि गिऱ्हाइकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. खानावळीची मालकीण मात्र मनापासून दुखावली. “माझ्या घासानं कोणाचं वाईट होतं म्हणे?” पुढचे तीन गुरुवार ऑटोकारची बिअर सगळ्यांत शेवटी आली, आणि कोमट आली.

उरला पोहण्याचा उपाय. पोहण्यानं सांध्यांवर ताण येत नाही, असं वहीत लाल शाईनं लिहिलेलं. गावाबाहेरच्या तळ्याचा उत्तर काठ पक्ष्यांसाठी राखीव, पण दक्षिणेला कुत्री चालतात. ऑटोकारनं काठाशी उभं राहून काठी फेकली. गुंडीनं काठीकडं पाहिलंच नाही. तिनं पाहिली बदकं. पाण्यात उतरताना ती डाकेल होती, पण आत शिरल्यावर थेट पाणबुडी झाली. बदकीण, तिची सात पिल्लं, दोन पाणकोंबड्या असा सगळा कारभार ओरडत लव्हाळ्यात घुसला, मागून गुंडी, तिच्यामागून गुडघाभर चिखलात ऑटोकार, बूट एका पायात.

काठावर हवालदार हुबर वही काढून उभा होता.

“साहेब, राखीव हद्द.”

“मी दक्षिणेला आहे!” ऑटोकार चिखलातून ओरडला. “हद्द त्या वाळुंजाच्या झाडापासून तिरकी जाते.”

“ठाऊक आहे. नकाशा सोबत आणलाय.” हुबरनं घडी उलगडली, खाली बोट ठेवलं. “सही बघा. तुमचीच आहे. आणि या आखणीप्रमाणं तुम्ही चाळीस सेंटिमीटर आत आहात.”

“चाळीसच ना!”

“नियम म्हणजे नियम, असं तुम्हीच सांगायचात, साहेब.” हुबरला तसं म्हणताना वाईट वाटत होतं, आणि ते वाटणंच जास्त झोंबलं. परत येताना ऑटोकारला अर्ध्या वाटेवर फेर्डल आठवला. त्यानं पावलं भरभर उचलली, जणू आठवण मागं पडेल.

घेर मात्र उतरत होता, मिलिमीटरनं. छत्तीस पूर्णांक नऊवर येऊन तो अडला. आठवडा गेला, दुसरा गेला, आकडा हलेना. ऑटोकारनं सात घरांवर पाळत ठेवली, झेंटाबाईला समोरासमोर विचारलं आणि दार तोंडावर आपटून घेतलं. शेवटी रोझविठा एका सकाळी बटाटे आणायला तळघरात उतरली. तिथं, फळीवरच्या मुरंब्यांच्या बरण्यांआड, स्टुलावर तिचा नवरा बसलेला. एका हातात पाव, त्यावर काळजाचं सॉसेज. दुसऱ्या हातात त्याचाच तुकडा, आणि तो तुकडा गुंडीच्या तोंडात अर्धा गेलेला.

गुंडीनं उरलेला अर्धाही गिळला.

“रोज?” रोझविठानं विचारलं.

“सकाळीच फक्त,” ऑटोकार म्हणाला. “ती बघते गं.”

रोझविठानं बटाटे घेतले आणि वर गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. त्यानं सात प्रतींचं परिपत्रक काढलं होतं, आणि आठवी प्रत ज्याला द्यायची तो इथं बरण्यांआड बसला होता.

प्रदर्शनाच्या रविवारी खानावळीचं मागचं सभागृह भरलं. शिकाऱ्यांनी शिंगं वाजवली, डाकेलांनी त्यांना साथ दिली. दाढीवाले खरबरीत केसांचे, रेशमी लांब केसांचे, चकचकीत आखूड केसांचे. जमिनीलगत वाहणारी ती एक नदीच होती. दुपारपर्यंत ऑटोकारनं अकरा कुत्री मोजली. मग चिटणीस होल्झिंगरबाई म्हणाल्या, “पुढची कुनिगुंड. मालकानं आपलं कुत्रं मोजू नये. उपमोजणीदार?”

मागून क्विरिन उठला. उपमोजणीदार तोच, हे ऑटोकारला ठाऊक नव्हतं असं नाही. सहा आठवडे त्यानं फक्त ते मनात येऊ दिलं नव्हतं. क्विरिननं गळ्यातली शिंप्याची पट्टी काढली. “जरा धरता का, हेर ब्रुनथालर.”

ऑटोकारनं गुंडीला दोन हातांनी उभं धरलं. क्विरिनची बोटं म्हातारी, पण पट्टी टाकण्याची सफाई तीच. पट्टी छातीमागून फिरली, टोकाला टोक आलं. आकड्यावर क्विरिनचा अंगठा होता, पण अडतीस वर्षांच्या नजरेला अंगठा आड येत नाही. साडेछत्तीस. निदान साडेछत्तीस.

क्विरिननं डोळे वर केले. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. आता तो पुकारणार, आणि हक्कानं पुकारणार. ऑटोकारनं मान आत ओढली, जसा माणूस थप्पड यायच्या आधी डोळे मिटतो.

“पस्तीस,” क्विरिन म्हणाला. “बुटकी.”

टाळ्या पडल्या. झेंटाबाई म्हणाली, “गाजरांचा गुण!” होल्झिंगरबाईंनी शाईनं लिहिलं, शिक्का मारला. त्या टाळ्या आणि शिक्का यांच्यामध्ये एक श्वासभर जागा होती. तिथं ऑटोकारला बोलता आलं असतं. तो बोलला नाही. उलट मान लववून “आभारी आहे” म्हणाला. हे त्याला पुढं कितीतरी दिवस झोपेत ऐकू येणार होतं.

कॉफीच्या टेबलावर त्याच्यापुढं आलुबुखारांचा केक आला, वर मलईचा डोंगर. लोक येऊन हात मिळवत होते. “नजर म्हणजे नजर, साहेब!” समोरच्या भिंतीशी फेर्डल क्विरिनच्या बुटावर डोकं टेकून पडला होता, थोरल्यांतला सगळ्यांत लहान. ऑटोकारनं बशी खाली ठेवली. केक गुंडीनं संपवला.

शेवटी तो उठून चिटणिसांच्या टेबलाशी गेला. “आकडा चुकलाय. दुरुस्त करायचाय.”

होल्झिंगरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “शाईनं चढलेला आकडा नुसता खोडता येत नाही. एका कुत्र्याला एकच मोजणी. दुरुस्तीचा अर्ज लागेल. चुकीचं कारण लिहा, आणि खाली मोजणाऱ्याची सही, की त्याची चूक झाली.”

ऑटोकार अर्ज हातात धरून उभा राहिला. म्हणजे खरं सांगायचं तर क्विरिनला पुन्हा भरसभेत चुकीचा ठरवायचं. गेल्या वर्षी खरं बोलून त्याला दुखावलं. आता पुन्हा खरं बोलूनच दुखावायचं. आणि गप्प बसावं, तर वंशावळीच्या कागदावर जन्मभर एक खोटा आकडा, त्याच्याच नावाखाली.

तो भिंतीशी गेला. “क्विरिन, ते पस्तीस नव्हते.”

“माहीतंय.”

“मग?”

“मग काय?” क्विरिनचा आवाज चढला, आणि एका वर्षानं ‘तुम्ही’ गळून पडलं. “मला तू अर्धा सेंटिमीटर दिला नाहीस. मी तुला दीड दिला. आता सांभाळ! रोज सकाळी बघ त्या कागदाकडं!”

क्विरिननं त्याच्या कमरेकडं बोट केलं.

“वीस वर्षं तुझ्या पँटी शिवल्या मी. पहिली शहाण्णव कमरेची. आत्ता अंगावर आहे ती किती असेल, सांग नजरेनं.”

“शहाण्णव,” ऑटोकार म्हणाला. “तू दरवेळी शहाण्णवच म्हणतोस.”

“एकशे आठ. दर वर्षी शिवण सोडायचो थोडी, आणि तुला शहाण्णव सांगायचो. कोणाचं काय बिघडलं त्यात? मी कधी दुकानातून पुकारलं का, ‘एकशे आठ! थोरला!’ म्हणून?” त्यानं तोंड फिरवलं. “अरे, आकडा नको होता मला. लिहायचास तू साडेपस्तीस. पण हळू बोलायचंस. ती गेली त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.”

 माफी मागण्याचा ऑटोकारला सराव नव्हता. त्या कामाचा कुठलाच छापील नमुना त्याच्याकडं नव्हता. तो तिथंच बाकावर बसला, पेन काढलं, आणि ‘चुकीचं कारण’ या चौकटीत सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘मोजणीच्या वेळी मालकाने लबाडीने कुत्रीची छाती दाबून धरली. मोजणाऱ्याचा दोष नाही.’ खरा आकडा, साडेछत्तीस. खाली सही.

क्विरिननं कागद डोळ्यांशी नेला. “तू दाबली नव्हतीस.”

“नव्हती.”

“हे खोटं आहे, ऑटो.”

“हो.”

“अडतीस वर्षांत कधी असं लिहिलं होतंस?”

“नाही. जमतंय का, बघ. जमिनीच्या कागदावर नसतं जमलं.”

 क्विरिन बाकावर टेकला आणि शिंप्याच्या बारीक अक्षरात त्यानं सही केली.

होल्झिंगरबाईंनी नियमाप्रमाणं ध्वनिक्षेपक हातात घेतला. “दुरुस्ती. कुनिगुंड, मालक ब्रुनथालर. मालकानं लबाडीनं छाती दाबून धरल्यामुळं आकडा चुकला. खरा घेर साडेछत्तीस. थोरली.”

  ऑटोकार उभा राहिला, कारण अशा वेळी बसून राहणं त्याला बरं दिसलं नाही. टोपी हातात, कान लाल, नजर फरशीवर. पहिली झेंटाबाई बोलली, “अगंबाई, दाबली!” मग एक खसखस पिकली, ती वाढत गेली, खाटकापर्यंत, पाववाल्यापर्यंत, दाराशी उभ्या हुबरपर्यंत. त्यानं सगळं अंगावर घेतलं.  गुंडी त्याच्या पायाशी बसून, शेपटीनं फरशी झाडत, आपल्यालाच शाबासकी मिळतेय अशा ऐटीत सगळ्यांकडं बघत होती.

तेवढ्यात मागच्या भिंतीशी क्विरिन उभा राहिला.

“एक मिनिट, बाई!” तो ओरडला, आणि सभागृहभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “साडेछत्तीस त्याच्या नजरेनं. पट्टी माझ्या हातात होती. छत्तीस पूर्णांक सात!”

आता तर लोक बाकांवर आडवे झाले. ऑटोकारनं मान वर करून मित्राकडं पाहिलं. क्विरिन हसत नव्हता. पट्टी गळ्यात अडकवून, हाताची घडी घालून वाट बघत उभा होता.

ऑटोकारनं टोपी घातली, खिशातलं पेन पुन्हा काढलं, आणि दोन मिलिमीटरांच्या दुरुस्तीचा अर्ज मागायला चिटणिसांच्या टेबलाकडं निघाला.